मोतीरामचा मऊ आख

मोतीराम रस्त्यानं येताना आधी दिसायचा नाही, ऐकू यायचा. पहिले चार बेअरिंगांची खर्रखर्र, मग धूळ, आणि मग जमिनीपासून दीड-दोन हातांवर एक पागोटं.

त्रेपन्न साली कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. त्यानंतर वर्षभर तो अकोल्यात रेल्वे फाटकाजवळच्या वस्तीत पडून होता. कुठं जायचं तर बायकोचा भाऊ सूर्यभान त्याला पाठीवर घ्यायचा. नदीवर, दवाखान्यात, हागायलासुद्धा. सूर्यभान भला माणूस, कधी कुरकुरला नाही. पण मोतीराम मला म्हणायचा, "गड्या, दुसऱ्याच्या पाठीवरून फक्त त्याची मान दिसते. वर्सभर म्या सूर्याची मान पाह्यली. तिच्यावरचा तीळबी मले पाठ झाला."

मग त्यानं गाडा केला. मोडक्या दाराची फळी, खाली दोन आख, आखांच्या टोकांना चाकं म्हणून जिनिंगच्या भंगारातले बेअरिंग. प्रत्येक आख मधोमध एकाच बोल्टावर, आणि मध्ये टायरच्या रबराच्या चकत्या. बोल्ट चुकून तिरपे बसले. त्या चुकीनं एक गंमत झाली, अंग डावीकडे झोकलं की गाडा डावीकडे वळे, उजवीकडे झोकलं की उजवीकडे. दोन हातांत लाकडी ठोकळे घेऊन तो जमीन मागं रेटायचा आणि डुलत डुलत जायचा. लोकांना वाटे, स्वप्नात त्याला पाय दिसत असतील. तो म्हणे, पहिलं वर्ष दिसले. पुढं स्वप्नातही तो गाड्यावरच असायचा, फक्त रस्ता सगळा उताराचा, आणि दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला.

जागेपणी मात्र आख तुटायचे. पहिला सायकलचा होता, महिनाभर टिकला. दुसरा जानराव लोहारानं घडवला. जानराव म्हणजे हट्टी माणूस. त्याचा विळा पिढीभर चाले. त्यानं मोटारीच्या स्प्रिंगच्या कमानीचं पोलाद घेतलं, लाल केलं आणि विळ्याला पाजतात तसं पाणी पाजलं, लाल असतानाच पाण्यात बुडवलं. टिचकी मारली की आख घंटेसारखा वाजायचा.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्ती नागपूरला निघणार होती, दीक्षा घ्यायला. बाया पांढरी लुगडी धुवून ठेवत होत्या. मोतीरामनं सांगून टाकलं, "मी येतो. पन माह्या चाकावर. तिथंबी पाठीवर बसूनच जायचं असन, त मंग मी इथीच बरा."

त्याची बायको केशरबाई म्हणाली, "अवं, एक दिवस बसलं पाठीवर त काय झिजते तुमचं?"

"झिजते. तुले दिसत नाई."

आणि तीन आठवडे आधी, फाटकात रूळ ओलांडताना, जानरावचा आख टणकन तुटला. वाकला नाही, चिरला नाही, सरळ दोन तुकडे. मोतीराम रुळांमध्ये आडवा. गेटवाल्यानं ओढून काढलं आणि सूर्यभाननं पाठीवर घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी पाठीवरूनच तो जानरावच्या भट्टीवर गेला. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे पांढरे दाणे चमकत होते.

"काहून तुटला?" जानराव लालबुंद. "असं पाणी म्या बायकोच्या विळ्यालेबी पाजलं नाई!"

"मनूनच तुटला. विळ्याले धार लागते. मले कायची धार लागते? मले दचके खानारं पाह्यजे." त्यानं कोपऱ्यात पडलेल्या बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेकडं बोट दाखवलं. "थे लोखंड दे. तीस वर्सं रस्ता खाल्ला त्यानं. घडव, आन पाणी पाजू नोको. राखेत दाबून ठेव, आपोआप निवू दे."

"मऊ राहीन थे! वाकीन! जानरावचा आख वाकला मनून लोकं हासतीन माह्यावर."

"वाकू दे ना बाप्पा. वाकला त सरळ करता येते. तुटला त मले पाठीवर बसा लागते."

जानराव बराच वेळ भाता ओढत राहिला. मग म्हणाला, "माहं नाव सांगू नोको कोनाले." आणि धाव ओढून घेतली.

नागपूरच्या टेसनाबाहेर सकाळी त्यानं गाडा टेकवला. पुढचं तो सांगायचा ते मला नेहमी धुक्यातून आल्यासारखं ऐकू यायचं. माणसं त्याला दिसतच नव्हती. दिसत होते पाय. भेगाळलेले, अनवाणी, नव्या चपलेनं चावलेले, आणि त्यांच्यावर पांढरे काठ, पांढरी धोतरं, रस्ताभर हलणारी. आपण चालतोय की ती पांढरी रांगच आपल्याला वाहून नेतेय, कळत नव्हतं.

मग एका नालीच्या काठावर गाडा आदळला. खालून करकर आवाज आला. पुढचा आख धनुष्यासारखा वाकला, डावं बेअरिंग फळीला घासायला लागलं आणि गाडा डावीकडे ओढू लागला. दीक्षेचं मैदान अजून मैलभर.

सूर्यभान पुढं येऊन खाली बसला. "बसा भाऊजी."

"तुटला का?"

"वाकला."

"मंग उठ. वाट अडवून राह्यला तू."

केशरबाईनं सूर्यभानच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केलं.

मोतीरामनं सगळं अंग उजवीकडे झोकलं आणि तसाच तिरपा, मैलभर गेला. ठोकळे झिजले, उजवी कूस सुजली. मैदानात भोंग्यातून प्रतिज्ञेचा आवाज आला, लाखो माणसं एका सुरात बोलली, तोही बोलला, तिरपाच.

परत आल्यावर मी विचारलं, "काय पाह्यलं तिथं?"

"पाय. लई पाय. पन एकबी माह्यावर पडला नाई."

तो आख त्यानं जानरावसमोर टाकला. जानरावनं उलटसुलट करून पाहिला. वाक चांगला चार बोटं होता. ऐरणीवर ठेवून त्यानं थंडच तीन घण घातले.

"सरळ झाला," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "कोनी इचारलं त सांग, जानरावनं घडवला मनून."