लॅपटॉपचा बस्ता

आमच्या भावकीत कुणाचं लग्न ठरलं की बस्त्याला मला नेतात. लग्नाचे कपडे घ्यायला गाडीभर माणसं निघतात, त्यात नवरीची आई मागच्या सीटवर आणि मी पुढे. सांगायला लाज कशाला, दुकानदाराला घाम फोडावा तर मीच. वीस वर्षं खुटबावच्या रानातला झेंडू आणि शेवंती विकते आहे, तेव्हा भाव म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, असं मला गेल्या वर्षीपर्यंत तरी वाटत होतं.

बस्त्याचे माझे नियम साधे. पहिल्या दुकानात घ्यायचं नाही. आपल्याला काय हवंय ते दुकानदाराला कळू द्यायचं नाही. आणि मनात भरलेली साडी समोर आली की तोंड वाकडं करून भलतीच उचलायची. आवड तोंडावर दिसली की भाव चढलाच म्हणून समजा. माझी लेक कडेवर होती तेव्हापासून हे बघत आली आहे. ती चुकून एखाद्या कापडाकडे जास्त वेळ बघायला लागली की मी खालून तिचा पाय दाबायची. पोरगी हुशार, लवकर शिकली.

तर गेल्या वर्षी तिला लॅपटॉप घ्यायचं निघालं. ती पुण्याला इंटिरियर डिझाईन शिकते, म्हणजे घराची आतली रचना. कागदावर काढायचं कमी आणि कॉम्प्युटरवर जास्त. पहिलं वर्ष तिनं मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काढलं. मैत्रिणीचं झालं की हिचं. एकदा मैत्रीण अचानक गावाला गेली आणि हिचं काम वेळेत गेलं नाही. सरांनी स्पष्ट सांगितलं, पुढचं सबमिशन चुकलं तर वर्ष गेलं. हातात दहा दिवस होते, घरात चाळीस हजार होते, आणि या दोन्हीत वाढ होण्यासारखी नव्हती.

काय पाहिजे ते तिनं कागदावर लिहून आणलं होतं. रॅम सोळा, ग्राफिक्स कार्ड वेगळं, आणखी तीन-चार ओळी. मी तो कागद दोनदा वाचला. एक अक्षर कळलं असेल तर शपथ. मग घडी घालून पर्समध्ये टाकला. बस्त्याची यादी दुकानदाराला दाखवायची नसते.

रविवारी निघालो. आमचे मालक शेवंतीच्या तोड्यात अडकलेले, म्हणून सोबत माझे सासरे, म्हणजे आबा, आणि पाबळहून खास गाडी घेऊन आलेले नणंदेचे मिस्टर. त्यांना आम्ही दाजी म्हणतो. दाजी रांजणगावच्या एका कंपनीत आहेत आणि तिथं कॉम्प्युटरवर बसतात, त्यामुळे ते जाणकार. गेटवर येणाऱ्या ट्रकचे नंबर ते कॉम्प्युटरमध्ये टाकतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

"जनरेशन बघून घ्यायचं वहिनी," दाजी गाडी चालवता चालवता म्हणाले.

"जनरेशन म्हंजी?" आबांनी विचारलं.

"पिढी, आबा. बारावी, तेरावी, अशी असतीय."

आबा म्हणाले, "सोयरीक जुळवताना बी आपण तिसऱ्या पिढीच्या पुढं जात न्हाई."

आधी दौंडला गेलो. काचेचं दुकान, आत गारेगार, आणि दुकानाचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी बोलायला लागली ती थांबेचना. मी एकच विचारलं, हा केवढ्याला? तर त्याला सरळ उत्तर नाही. कार्डावर घेतला तर एवढा, हप्त्यावर घेतला तर एवढा आणि व्याज शून्य, जुना दिला तर अजून कमी. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे रोख आहेत, नोटा. तर रोखीचा भाव सगळ्यात जास्त. मी दाजींकडे बघितलं, दाजी पंख्याकडे बघायला लागले. रोख देणाऱ्याला महाग आणि उधार घेणाऱ्याला स्वस्त, हा कुठला न्याय ते मला आजही उमगलेलं नाही. आमच्या बाजारात असं कुणी बोललं असतं तर लोकांनी त्याच्या डोक्याला तेल लावायला सांगितलं असतं.

तरी मी माझी पद्धत सोडली नाही. "जाऊ द्या, दुसरीकडं बघतो," म्हणून उठले. सगळे उठले. आता इथं नियम असा की आपण उठायचं, दहा पावलं जायचं, मागून हाक येते. आम्ही बाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभे राहिलो. रस घेतला. सावकाश प्यायलो. आबांनी दुसरा ग्लास घेतला. हाक काही आली नाही. काचेतून ती मुलगी दिसत होती, ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच सगळं पहिल्यापासून सांगत होती. एवढा अपमान मला कधी वाटला नव्हता. ती माझ्याशी वाईट वागली असंही नव्हतं, म्हणून जास्तच वाटला.

मग उलटं चौफुल्याला येऊन न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूर. तिथं दाजींच्या ओळखीचं दुकान होतं आणि पाय ठेवताच मला बरं वाटलं. दुकानदार पन्नाशीचा, "या ताई, बसा आबा" म्हणणारा. आधी चहा सांगितला, मग बजेट विचारलं. मी तीस सांगितलं. त्यानं मान डोलावली, म्हणजे त्याला कळलं की जवळ चाळीस आहेत. असा माणूस असला की माझं डोकं चालतं.

त्यानं पहिल्यांदा एक काळा, जाडजूड लॅपटॉप काढला. कोपऱ्यावर ओरखडे. म्हणाला, "वापरलेला हाय, खोटं न्हाई बोलत. मोठ्या कंपनीतनं निघालाय. तेहतीसला देतो, सहा महिने मी बघीन. कामाला दणकट." लेकीनं तो उघडला, पालथा करून बघितला, काहीतरी दोन प्रश्न विचारले, आणि त्याच्या उत्तरावर तिची बोटं तिथंच थांबली. मी खालून पाय दाबला. तिनं लगेच हात काढून घेतला.

"वापरलेलं आमच्यात चालत न्हाई," मी म्हटलं आणि तो हातानंच बाजूला सारला. बस्त्याला कुणी जुनेर घेतं का? पोरीची पहिली मोठी वस्तू, आणि ती कुणाच्या तरी घामाची.

मग नवा निघाला. चंदेरी, पातळ, ताटाएवढा हलका. आबांनी हातात घेऊन वजन केलं. दाजींनी जनरेशन विचारलं आणि उत्तर ऐकून "हं" केलं. किंमत साडेबेचाळीस. मी पदर खोचला.

पुढचा तासभर मी जे बोलले ते सांगत बसत नाही. शेवटी दुकानदार माझ्याशी बोलायचा थांबून लेकीकडे वळला. "बेटा, तुला कसा वाटतो?"

ती म्हणाली, "हा नको. ह्याच्यावर माझं सॉफ्टवेअर चालणार न्हाई."

मला अभिमानानं भरून आलं. काय चेहरा, काय आवाज. माझ्या आईनंसुद्धा मला एवढं चांगलं नाटक करताना बघितलं नसेल. "बघा," मी म्हटलं, "पोरीलाच पसंत न्हाई. मी उगा गळ्यात मारून घेतीय." त्यानं दीड हजार कमी केले.

"मम्मी, खरंच नको," ती पुन्हा म्हणाली. अजून हजार गेले.

तिसऱ्यांदा ती बोलली नाही. कुठं थांबायचं तेही पोरीला कळतंय, असं मला वाटलं. शेवटी साडेअडतीसला ठरलं, वर बॅग आणि माऊस. आबांना मान म्हणून टॉवेल-टोपी मिळायला हवी होती, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. दुकानदारानं इकडंतिकडं बघून त्यांना एक स्टीलची बाटली दिली.

घरी आल्यावर आबांनी लॅपटॉपला हळदीकुंकू वाहिलं, झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं. शेजारी पेढे गेले. साडेबेचाळीसचे साडेअडतीस कसे केले हे मी तीन घरी सांगितलं, तिसऱ्या घरी तर चहा घेऊन सांगितलं.

दिवेलागणीला परत आले तर लेक ओट्यावर फोनवर बोलत होती. आवाज बारीक. "तुझा लॅपटॉप सोमवारपासून दोन तास मिळेल का गं? आठच दिवस."

माझं टाळकंच फिरलं. "नवा लॅपटॉप घरात आणून ठेवलाय आन् तू लोकांपुढं हात पसरतीस?"

तिनं फोन ठेवला. "मी दुकानात सांगितलं होतं मम्मी. दोनदा सांगितलं."

"ते तू भाव पाडायला म्हणत होतीस."

"न्हाई. ते खरं होतं."

मी पर्समधला कागद काढून तिच्यापुढं धरला, तर तिनं एकेक ओळ समजावली. सोळा पाहिजे तिथं ह्यात आठ. वेगळं कार्ड पाहिजे ते ह्यात नाहीच. आणि तो काळा? त्यात सगळं होतं, ती म्हणाली. "मग तिथंच ओरडायचं! माझा हात धरायचा!" मी म्हटलं. ती म्हणाली, "तू पाय दाबलास ना." मला तिचा राग आला होता, खरंच आला होता, पण तो तिच्यावर ठेवायला जागाच सापडेना. म्हणून मग मी दाजींवर काढला. ते तर कधीच पाबळला पोचले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच एसटीनं शिरूरला गेलो. ज्याच्या घशातून पैसे काढले त्याच्याच दारात परत जायचं म्हणजे पाय उचलत नव्हता. वाटेत मी चार-पाच थापा तयार केल्या आणि दुकानात गेल्यावर एकही बोलले नाही. "आमची चूक झाली," म्हटलं. हे वाक्य मी दुकानात पहिल्यांदाच बोलले असेन. दुकानदारानं खोकं बघितलं, झाकणावरचं कुंकू बघितलं, फडक्यानं पुसलं. "उघडलेला माल मला नवा म्हणून विकता येत न्हाई ताई. दोन हजार कापावे लागतील." कापा म्हटलं.

काळा लॅपटॉप अजून तिथंच होता. लेकीनं तिचं सॉफ्टवेअर आणि काम पेनड्राइव्हमध्ये आणलं होतं, ते त्याच्यावर लावून बघितलं. पडद्यावर एक खोली आली, खिडकी, पलंग, भिंतीला कपाट, आणि तिनं बोट फिरवलं तशी ती अख्खी खोली वळली. ती हसली. दुकानदार समोर असताना, भाव ठरलेला नसताना, दात दिसेपर्यंत हसली. माझा पाय आपोआप पुढं गेला होता. मी तो मागं घेतला.

"मग, पसंत हाय?" दुकानदारानं मला विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "तिला हाच पाहिजे."

"तेहतीस."

त्यानं एक रुपया कमी केला नाही, आणि का करावा? मी नुसती मान हलवली. जीभ टाळ्याला चिकटवून ठेवावी लागली, इतकी ती वळवळत होती.

हा सौदा चांगला झाला की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. नवा देऊन जुना आणला. दोन हजार फुकट गेले, तरी चाळीसातले पैसे उरले. दाजी म्हणतात, फसलात वहिनी. आबा दोन्ही हातांनी उचलून म्हणाले, वजन हाय, म्हंजी माल हाय. सबमिशन वेळेत गेलं, एवढं मला कळतं.

पण त्या दिवशी एसटीत बसलो होतो, लॅपटॉप तिच्या मांडीवर, तेव्हा माझ्या मनात भलतंच आलं. दुकानात ती हसली तसं हसताना मी तिला खरेदीला कधी बघितलंच नव्हतं. मी विचारलं, "आजवर तुला घेतलेल्यातलं तुझ्या खरंच मनासारखं काय काय होतं गं?"

न्हावरा मागं गेलं. "आता आठवत न्हाई मम्मी," ती म्हणाली. मग लॅपटॉपवर हात ठेवून, "पाचवीत होते तवा, ती लाल सायकल पाहिजे होती. आपण निळी घेतली."

"अगं मग बोलायचं की तवाच."

"कशी बोलणार? तू भाव करत होतीस."