चाळीस दिवसांचा पिंजरा

मागे पन्हाळ्यावरच्या लेखात आमच्या घरच्या लव्हबर्डचा ओझरता उल्लेख केला आणि तेव्हापासून दर महिन्याला कोणीतरी विचारतंच: मोठा, वाढलेला लव्हबर्ड कुठे मिळेल, तो आणताना काय बघायचं, प्रवासात काय करायचं? मी दोन ओळींत उत्तर देऊन सुटका करून घेत होते. आज सगळं लिहिते. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची आहे, त्यामुळे एस.टी.चे दर तुमच्या कामाचे नाहीत. बाकीचं कामाचं आहे, आणि त्यातलं सगळ्यात कामाचं तेच मी पाळलं नाही.

तेव्हा मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहत होते आणि एका शाळेत शिकवत होते. घरात मी आणि माझे वडील, अण्णा. अण्णा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आई जाऊन काही वर्षं झाली होती. माझ्या भावाची बदली झाली तेव्हा तो आपली लव्हबर्डची जोडी आमच्याकडे ठेवून गेला. हिरवं अंग, लालसर तोंड, आखूड शेपटी. नावं बाळ्या आणि ठकी. त्या उन्हाळ्यात बाळ्या म्हातारा होऊन गेला आणि ठकीने ओरडणंच बंद केलं. दांडीच्या एका टोकाला, बाळ्याची जागा सोडून बसायची. अण्णा वाटीत राळे घालून तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत, आणि ती खाईना तोवर त्यांचंही जेवण लांबे. मी चिडायची. एका पक्ष्यासाठी दोन माणसांची जेवणं गार करायची, हे काही मला पटत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं की तिला सोबत आणू या.

पिल्लू आणून चालणार नव्हतं. वाढलेली मादी पिल्लाला टोचून हैराण करते, हे भावाने पत्रात कळवलं होतं. मोठाच पक्षी हवा होता, तोही जोडी न लागलेला.

पहिला मुक्काम अर्थातच गावातला बाजार. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आणि अण्णा मिसळ खाऊन निघालो. (कुठल्याही शोधमोहिमेआधी मिसळ खावी. शोध फसला तरी दिवस फुकट जात नाही.) तिथल्या पक्ष्यांच्या दुकानात बजरीगर या लांब शेपटीच्या छोट्या पोपटांनाही लव्हबर्ड म्हणून विकत होते. आम्हाला हवे तसले, लाल तोंडाचे, फक्त दोन होते, आणि त्यातला एक भर दुपारी पिसं फुगवून डोळे मिटून बसलेला. दुकानदार म्हणाला, झोपाळू आहे. अण्णा पंधरा मिनिटं दुकानाच्या पायरीवर उभे राहून लांबूनच बघत राहिले. आजारी पक्षी माणूस जवळ आला की अवसान आणून ताठ बसतो, म्हणून लांबून बघायचं, हे त्यांचं म्हणणं. ते पूर्ण बरोबर होतं. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

दुसऱ्या रविवारी वारणानगर. अण्णांचे जुने सहकारी तिथे कामगार वसाहतीत मुलाकडे राहत होते आणि त्यांच्या सूनबाई, मालूताई, यांच्याकडे लव्हबर्ड असल्याची खबर होती. हायवेने वाठारपर्यंत आणि तिथून आत, दोन्ही बाजूंना ऊस. गाडीत खिडकी मिळाली तर हा रस्ता फार छान, नाही मिळाली तर दीड तास पुढच्याची मान बघत बसा. मालूताईंकडे जोडी होती, पण जोडी फोडायला त्या तयार नव्हत्या आणि आम्हीही मागितली नसती. त्यांनी ताकाचे पेले भरले, भाकरी-झुणका वाढला आणि हुपरीच्या एका कारागिराचं नाव सांगितलं: तातोबा, चांदीचे पैंजण करतात, माळ्यावर लव्हबर्ड पाळतात, खोटं बोलत नाहीत.

निघताना मालूताईंनी मागच्या गोठ्याकडे बोट केलं. दोन म्हशी आत होत्या आणि एक बाहेर चिंचेखाली बांधलेली. मला वाटलं, तिला जागा नाही.

"जागा हाय की," त्या म्हणाल्या. "पर बाजारातनं आणल्याली म्हस आम्ही लगीच गोठ्यात घेत न्हाय. काय रोग घिऊन आली आसंल तर आतल्या बी जात्यात. पाखराचं बी तसंच, बाई."

मी मान डोलावली. वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

हुपरीला आम्ही नारळी पौर्णिमेच्या सुट्टीला गेलो. उचगाव, पट्टणकोडोली करत गाडी पोचते. गावात शिरलं की घराघरातून बारीक ठोकण्याचा आवाज येतो. तातोबांच्या ओसरीवर तीन-चार जण मांडी घालून पैंजणांना घुंगरू जोडत होते. "या पावणं, बसा की," म्हणून त्यांनी आमच्या पुढ्यात भडंग आणि चहा ठेवला आणि पक्ष्यांचा विषय अर्धा तास काढलाच नाही. आम्ही कोण, घरात कोण, बाळ्या कशाने गेला, पिंजरा कुठे टांगतो, स्वयंपाकाचा धूर तिथे येतो का, हेच सगळं विचारलं. जणू मुलगी बघायला गेलो होतो आम्ही, आणि परीक्षा आमचीच चालली होती. भट्टीचा धूर पक्ष्यांना मारतो म्हणून त्यांनी आपले पक्षी मागच्या बाजूच्या माळ्यावर ठेवले होते.

माळ्यावर मोठ्या पिंजऱ्यात पाच पक्षी होते, सगळी एकाच जोडीची दीड-दोन वर्षांची भावंडं. तातोबांनी त्यातला एक हातात धरून आम्हाला काय काय दाखवलं ते लिहून ठेवा. डोळे स्वच्छ, पाणी नाही. नाकपुड्या कोरड्या. छातीचं हाड बोटाला लागतं, पण सुरीसारखं वर आलेलं नाही. शेपटीखालची पिसं कोरडी, घाण चिकटलेली नाही. श्वास घेताना शेपटी हलत नाही. "नर हाय म्हणतो मी, पर खात्री देत न्हाय. ह्यांचं नुसतं बघून कळत न्हाय," असंही ते सरळ म्हणाले. असा विकणारा भेटला तर त्याच्याकडूनच घ्या.

विकणारा म्हणणंही बरोबर नाही, कारण त्यांनी नारळ आणि सव्वा रुपयाच घेतला. पक्ष्याचं नाव चांद्या. त्याला एका लहान पिंजऱ्यात ठेवलं, कडी सैल होती म्हणून तिला पितळेच्या तारेचे तीन वेढे दिले, रोजच्या राळ्यांची पुरचुंडी बांधून दिली, आणि मग अट सांगितली.

"हा पिंजरा उसना देतोय. चाळीस दिवस ह्यो ह्यातच ऱ्हाईल, तुमच्या पाखरापास्नं येगळ्या खोलीत. चाळीस झालं की मग एकत्र करा आन् माझा पिंजरा आणून द्या. मधी काय झालं, शिंकला, न्हाय खाल्लं, तर मला कळवा. वर ह्याची भावंडं हाईत. तुमच्याकडनं कळलं तर माझी वाचत्याल."

त्यांची बायको दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. ती माझ्याकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "बाई शिकल्याल्या हाईत. सांगितल्यालं पाळतील."

परतीच्या गाडीत मी पिंजऱ्यावर पातळ धोतराचं फडकं टाकून तो मांडीवर धरला होता. इंजिनाजवळची जागा घेऊ नका, तिथे उष्णता फार. कंडक्टर म्हणाला, पाखराला तिकीट न्हाय, पर गाणं म्हणाय पायजे. चांद्या कोल्हापूरपर्यंत गप्प होता.

घरी आल्यावर ठकी बाहेरच्या खोलीत, चांद्या स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत, अशी व्यवस्था झाली. अण्णांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी कागद लावून रोज एक रेघ मारायला सुरुवात केली. आधी चांद्याला दाणापाणी, मग साबणाने हात धुऊन ठकीला, असा त्यांचा क्रम होता, की उलटा ते आज आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी चांद्याने हाक दिली आणि उन्हाळ्यापासून मुकी असलेली ठकी तिकडून ओरडली. मग थांबेचनात. भिंतीच्या दोन बाजूंनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकमेकांना हाका. अण्णा हसायचे. ठकी दणकून खायला लागली. आमची जेवणं वेळेवर होऊ लागली.

खरं तर इथेच मी समाधान मानायला हवं होतं.

गणपती आले. चांद्याच्या खोलीत आरास करायची होती, स्वयंपाकघरात मोदकांची वाफ कोंडली होती, चांद्याचा पिंजरा कुठे ठेवावा कळेना. मी कालनिर्णय उघडून मोजलं. चाळिसावा दिवस पितृपंधरवड्यात पडत होता. पितृपंधरवड्यात कोणी नवं काही करतं का? म्हणजे घट बसेपर्यंत थांबायचं. आणि आज चतुर्थी, यासारखा मुहूर्त कुठला! मी अण्णांना म्हटलं, एकोणीस दिवस झालेत, तो शिंकलेला नाही, खातोय, ओरडतोय. आणखी किती परीक्षा घ्यायची?

अण्णा म्हणाले, "तातोबांनी चाळीस सांगितलेत, शालू."

मी म्हटलं की ते मालूताईंच्या म्हशीचा नियम पाखराला लावून बसलेत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर नवराही उतावळा नव्हता, मीच होते. अण्णा, सणाच्या दिवशी वाद नको म्हणून असेल, "बघ तुला पटतं तर," म्हणाले. पितळेच्या तारेचे वेढे मी माझ्या हातांनी सोडले. आरती झाल्यावर चांद्याला ठकीच्या पिंजऱ्यात सोडलं. दोघं आधी लांब बसली, मग तासाभरात ठकी सरकत सरकत बाळ्याच्या जागेपर्यंत आली आणि त्याच्या मानेची पिसं विंचरू लागली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो दिवस फार सुंदर होता, हे मी नाकारणार नाही.

अनंत चतुर्दशीनंतर तीन दिवसांनी ठकी पिसं फुगवून बसली. विष्ठा हिरवी पातळ, श्वासागणिक शेपटी वरखाली. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, नवा पक्षी आणलाय का, किती दिवस वेगळा ठेवला होता? एकोणीस, मी म्हटलं. कधीकधी पक्षी स्वतः धडधाकट असतो आणि आजार अंगात घेऊन हिंडतो, एवढंच त्यांनी समजावलं. पाचव्या दिवशी ठकी गेली. ऐन पितृपंधरवड्यात. ज्या दिवसांना मी टाळलं होतं त्याच दिवसांत. चांद्याला काहीच झालं नाही.

अण्णांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनी कागदावर रेघा मारणं मात्र थांबवलं नव्हतं, आणि चाळीस पुरे झाल्यावर म्हणाले, "पिंजरा देऊन ये. आणि तातोबांना सगळं सांग. त्यांच्याकडे चार आहेत." मी त्यांना बरोबर यायला सुचवलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही.

त्याच रस्त्याने, त्याच गाडीने, मांडीवर रिकामा पिंजरा घेऊन मी गेले. कडीला तारेचे तीन वेढे मी पुन्हा तसेच घातले होते. का घातले, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. दसऱ्याआधीची गडबड म्हणून तातोबांच्या ओसरीवर माणसं वाढली होती. मला बघताच त्यांची बायको आतून पळत आली आणि तातोबांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"चाळीस झालं?"

"झाले," मी म्हटलं.

"दोघं बरी हाईत न्हवं?"

सगळी माणसं हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होती. शिकल्याल्या हाईत, हे त्या बाईचं वाक्य माझ्या कानात होतं. मी म्हटलं, "हो. एकाच दांडीवर बसतात."

ती बाई हसली. तातोबा म्हणाले, "मग मी मोकळा झालो. माझ्या म्हेवण्याची पोरगी रेंदाळची, तिच्याकडं बी जोडी हाय, तिला ह्यातली दोन द्यायची हाईत. तुमचा निरोप येतोय का म्हणून थांबलो होतो. आता उद्याच देतो."

तेव्हा तरी बोलायचं. ओसरीवर चहा आला, भडंग आलं, मी दोन्ही संपवलं, आणि बोलले नाही. गाडीची वेळ झाली म्हणून उठले. तातोबा फाट्यापर्यंत सोडायला आले. एकटी दोन पावलं चालले असते तरी मागे वळून सांगता आलं असतं, पण ते गाडी हलेपर्यंत तिथेच उभे होते.

रेंदाळच्या त्या मुलीचे पक्षी जगले की नाही, मला माहीत नाही. हुपरी आमच्यापासून फार लांब नाही, तरी पुन्हा मी तिकडे गेले नाही. पैंजणसुद्धा नंतर कोल्हापुरातच, गुजरीतल्या सराफांकडे घेतले. चांद्या अण्णांबरोबर सात वर्षं राहिला. त्याला दुसरी सोबत आणू या, असं आमच्यापैकी कोणी कधी म्हणालं नाही.

तुम्ही मोठा पक्षी आणणार असाल तर वरचं सगळं नीट बघून आणा, चाळीस दिवस मोजा, आणि मधे कुठला सण आला तरी मोजत राहा. ज्याच्याकडून आणलात त्याला खरं कळवा. बाकी रस्ता चांगला आहे.

त्या दिवशी हुपरीहून घरी पोचले तेव्हा अण्णा चांद्यासमोर खुर्ची टाकून बसले होते, राळ्यांची वाटी हातात. त्यांनी मान न वळवता विचारलं, "सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "निदान त्यांची तरी वाचतील."