उजवा खिसा

आमच्या शिंप्याच्या दुकानाला लागूनच लॉटरीचं दुकान आहे. काल ब्लाउज न्यायला गेले, तेव्हा एक वयस्क गृहस्थ शिंप्याला सांगत होते, "करमणुकीचे पन्नास डाव्या खिशात ठेवलेत. उजव्यात घरखर्चाचे आहेत, तो शिवून टाका." शिंप्याने मुकाट्याने चार टाके घातले. मला कौतुक वाटलं. आपल्या मनालाही वेळच्या वेळी अशी शिवण घालता आली, तर किती पडझड टळेल!

दहाच मिनिटांनी बाहेर पाहिलं. लॉटरीच्या दुकानासमोर उभे राहून ते नखाने एकेक टाका उसवत होते.

"अहो, जरा घट्ट घालायचे ना टाके!" मी शिंप्यावर चिडले.

"घालून पाहिले, ताई. मग ते खिसाच फाडतात."