बिशपसाहेबांची खुर्ची

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मलकापूरच्या एका छोट्या चर्चमध्ये बिशपसाहेबांच्या खुर्चीत मांजर व्याली होती.

इंग्रजांच्या काळापासूनची रीतच आहे: गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पाळक म्हणजे पाद्री, साऱ्या पाळकांवर एक बिशप आणि प्रत्येक चर्चमध्ये त्यांची एक खुर्ची. ते येतात वर्षातून एकदा. एरवी तिच्यात कुणी बसत नाही. मांजरीला याहून निवांत जागा कुठे मिळणार?

मी मित्राच्या मुलीच्या दृढीकरणाला, म्हणजे बिशपांनी डोक्यावर हात ठेवून मंडळीत पक्कं करण्याच्या विधीला, गेलो होतो. झाडलोट करणारी म्हातारी खुर्चीपुढे पदर पसरून उभी होती. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. घडोघडी ती मान वळवून पिल्लांकडे बघे आणि गालात हसे.

“मावशी, हलव न त्याईले! साहेब काय उभे राह्यतील?” पाळक कुजबुजले.

“हात लावला त माय टाकून देते लेकराईले,” ती म्हणाली.

तेवढ्यात लांब झगा सावरत बिशप आले आणि खुर्चीपाशी थबकले. म्हातारीने पदर काही खाली येऊ दिला नाही. मग ती एकदम बोलून गेली, “डोळे उघडू द्या न साहेब त्याईचे! तवर बसा आमच्यापाशी बाकावर. तिथून कोनी नाही उठवत तुमाले!”