‘येते’ म्हणण्याची रीत

सासूबाई पुण्याला परत निघाल्या, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना ड्रेस्डेनजवळचा एक जुना श्लोस, म्हणजे राजवाडा, दाखवायला नेलं. मला खरं तर जायचंच नव्हतं. बॅगा भरायच्या होत्या, आणि उसनं हसू आणायचा कंटाळा आला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हृदयाला झेपणार नाही, एवढा परतीचा प्रवास करा, यापुढे विमान नको. आम्हा तिघांना ते ठाऊक होतं. आमच्या सात वर्षांच्या लेकीला नव्हतं. तिला कुणी सांगायचं, यावरून नवऱ्याशी माझं वाजलंही होतं.

वाड्याच्या दारात सासूबाईंनी सवयीने बूट काढले. खरं म्हणजे लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवरूनच घालायच्या जाड लोकरी स्लिपर तिथे ठेवल्या होत्या.

“अहो आई, बूट राहू द्या पायात,” मी म्हणाले.

“बुटांसकट आत? काहीतरीच काय!” म्हणत त्यांनी मोज्यांवरच स्लिपर चढवल्या. सगळी दालनं बघून झाल्यावर त्यांना प्रश्न पडला तो एकच, इथे रोज झाडत कोण असेल?

मागची बाग इंग्लिश धाटणीची होती. आखीव वाफे नाहीत, झाडं आपसूक वाढल्यासारखी.

“इंग्रजांनी यांनाही सोडलं नाही वाटतं,” त्या म्हणाल्या. मी हसले आणि हसताहसताच डोळे भरून आले. मग उगीच तळ्यातली बदकं बघत उभी राहिले.

लेकीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्येच देते. आजीचा हात धरून ती ऱ्होडोडेंड्रॉनच्या बंद कळ्या दाखवत होती. मे महिन्यात फुलतात म्हणे.

फाटकापाशी सासूबाई मागे वळल्या. कुणाच्या घरून निघावं तसं त्या बागेला म्हणाल्या, “येते हं.”

“वान?” लेकीने लगेच विचारलं. कधी? मेमध्ये?

“आल्झो, चला, पार्किंगची वेळ संपत आलीय,” नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की पुढचं त्याने गिळलं.

सासूबाई बाकावर टेकल्या. नातीला जवळ ओढून म्हणाल्या, “नाही गं सोन्या. माझं हृदय थकलंय. मला आता विमानात बसायचं नाही. मी परत नाही यायची.”

मग येते का म्हणालीस, असं तिने जर्मनमध्ये विचारलं. आवाजात चक्क राग होता.

“निघताना ‘जाते’ म्हणू नये. ‘येते’च म्हणायचं. आणि दुसऱ्याने म्हणायचं, ‘ये’.”

लेक बराच वेळ बुटाने खडी उकरत राहिली. मला त्या डॉक्टरांचा, त्या विमानांचा, आम्ही निवडलेल्या या लांबच्या देशाचाही राग आला.

मग तिने मान वर केली आणि मराठीत म्हणाली, “आजी, मग मी येते.”

तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून सासूबाई म्हणाल्या, “ये.”