डाकोटावर चढवलेली चांदी

नवीन राज्य झालं आणि माझी बदली भोपाळहून रायपूरला झाली. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत बसलं होतं. आमच्या खात्याला मागच्या बाजूची एक लांबट खोली मिळाली, तिथे भिंतीवर अजून वॉर्डाचा नंबर होता. यांना शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली. बूढ़ापाऱ्यात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने घर घेतलं. मुलगी शिकायला भोपाळलाच राहिली.

यांना एकच छंद होता. प्लास्टिकच्या किटमधून छोटी विमानं बनवायची. तीही सगळी नाही, फक्त जुन्या काळातली, ज्यांना रंग दिलेला नसायचा आणि नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा उघडा दिसायचा, तेवढीच. लहानपणी नागपूरला सोनेगावच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्यांनी अशी विमानं उतरताना पाहिली होती. उन्हात पत्रा कसा लकाकायचा, हे ते लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला सांगत होते. मी तेव्हा सिनेमाला जायची वाट बघत होते.

प्लास्टिकला धातूसारखं दिसायला लावणं फार कटकटीचं असतं. नुसता चंदेरी रंग फासला की खेळणं दिसतं. आधी आरशासारखा चकचकीत काळा थर द्यायचा, तो कडक वाळू द्यायचा. मग त्यावर एअरब्रशने, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या बारीक फवाऱ्याने, ॲल्युमिनियमचा रंग धुक्यासारखा, पातळ पातळ उडवायचा. खालच्या काळ्यामुळे वरच्या चांदीला धातूची खोली येते. आणि खऱ्या विमानाचे सगळे पत्रे सारखे नसतात, कुठला जुना, कुठला बदललेला, कुठला इंजिनाच्या धगीने तांबूस झालेला. म्हणून एकेक चौकोन टेपने झाकून वेगवेगळी छटा द्यायची. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की रविवारी मागच्या खोलीत कॉम्प्रेसर घरघरतो आणि नवरा जेवायला उशिरा येतो.

मग यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपावर दिसलं, मग प्रयोगशाळेत मोजमाप चुकायला लागलं. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. गोळ्यांनी वेग कमी होईल, बरा होणार नाही, असं स्पष्ट बोलले. यांनी नोकरी सोडली. कारखान्यातल्या लोकांनी शाल दिली, ती त्यांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली.

त्या वेळी टेबलावर एक डाकोटा होतं, दोन इंजिनांचं जुनं विमान. त्याला काळा थर देऊन झाला होता. चांदी राहिली होती. महिने गेले तरी ते तसंच काळं उभं. मी झाडताना त्याच्याभोवतीची धूळ पुसायची. रायपूरला धूळ म्हणजे काळी भुकटीच, कारखान्यांची. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर हात फिरवला तरी बोटं काळी होत. एका दुपारी पाहिलं तर ते डाकोटा कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलेलं.

"हे काहून फेकता?" मी विचारलं.

"मले नाही जमत आता. पाहून पाहून त्रास होते."

"मी करते. तुम्ही सांगा."

"तुले काय समजते त्यातलं?"

"काही नाही. म्हणूनच म्हणते, सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विमान चालवायलाच मागितलं होतं. पण डब्याजवळून ते उचललं.

पहिले काही रविवार नुसते भांडणात गेले. हे फार वाईट शिक्षक निघाले. एअरब्रश माझ्या हातात देऊन म्हणायचे, "असा नाही, असा." आणि 'असा' दाखवायला हात उचलला की तो थरथरायचा, मग ते तो खाली घ्यायचे. मी जुन्या प्लास्टिकच्या डब्यांवर सराव केला. रंग ओघळला, दाणेदार झाला, एकदा नळीच चोंदली. मुलीचा फोन आला की आवाजावरूनच ती ओळखायची. "मम्मी, आप लोग फिर लड़े क्या?" मी म्हणायची, "लढून नाही राहिलो, शिकून राहिलो."

पावसाळाभर यांनी रंग देऊ दिला नाही. दमट हवेत रंग पांढुरका पडतो म्हणे. नवरात्राच्या आधी ऊन निघालं. सकाळी मी फरशी दोनदा पुसली, खिडक्या लावल्या, पंखा बंद. घाम गळत होता. एअरब्रश हातात घेतला आणि विमानाच्या पंखावरून फिरवला. थांबायचं नाही, परत मागे यायचं नाही, एकाच दिशेने जायचं. रंगाच्या तिसऱ्या हाताला काळ्यातून हळूहळू पत्रा वर आला. खरंच पत्रा! मी वळून पाहिलं. हे खुर्चीत पुढे झुकून बसले होते, थरथरता हात डाव्या हाताने मांडीवर दाबून. "चालू दे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात मी इंजिनाजवळचे चौकोन झाकायला टेप लावली. छटा देऊन टेप ओढली तर तिच्यासोबत चांदीही निघून आली. पंखावर बोटभर काळा डाग. मला रडूच आलं.

"टेप आधी हाताच्या मागच्या बाजूवर चिकटवून काढावी लागते," हे म्हणाले. "चिकटपणा कमी होते."

"मग आधी सांगितलं काहून नाही?"

"मी सांगितलं नाही?" ते खरंच गोंधळले. मग म्हणाले, "इतके वर्षं हातच करत होता. मी त्याले कधी विचारलंच नाही, तू काय काय करतो म्हणून."

त्यानंतर त्यांची सांगायची रीत बदलली. आदल्या दिवशी डोळे मिटून बसत आणि पूर्ण काम मनातल्या मनात करत. हात मांडीवर हलत असायचे. मग एकेक गोष्ट मला सांगत, टेप कशी कापायची, कापसाने घासताना श्वास कुठे सोडायचा. शेपटीवरचा हलणारा भाग खऱ्या विमानात कापडाचा असतो, म्हणून तिथली चांदी मंद ठेवायची, हेही तेव्हाच कळलं. मी ऐकत भाजी निवडायची.

शेवटचं काम राहिलं, इंजिनाच्या धुराचा पट्टा. पंखावर मागे ओढत गेलेली तपकिरी सावली. त्या दिवशी गोळीचा असर चांगला होता. "हे मी करतो," हे म्हणाले. मी ब्रश दिला आणि भाजी बघते म्हणून स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा पट्टा वाकडा झाला होता, एका ठिकाणी डाग फुटलेला. मी काही बोलले नाही. ब्रश धुऊन ठेवला आणि जेवायला वाढलं.

सकाळी चहा घेताना त्यांनीच विचारलं, "तुले दिसलं?"

"दिसलं."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमच्या हातचं आहे. राहू द्या."

"माह्या हातचं म्हणून चुकीचं राहू देशील? वारा मागे जाते, असा आडवा नाही जात." ते रागावलेले नव्हते. कप खाली ठेवून म्हणाले, "मले दया नको. विमान पाहिजे."

मी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तो भाग काळ्यापर्यंत पुसून पुन्हा सगळे थर चढवले. या वेळी धुराचा पट्टा मी दिला, आणि ते माझ्या खांद्यामागे उभे राहून "आणखी हलका, आणखी" म्हणत राहिले.

दिवाळीला डाकोटा बैठकीत टीपॉयवर ठेवलं. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण राहायच्या, छत्तीसगढी बोलणाऱ्या, सत्तरीच्या, सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना दाई म्हणायचा. त्या फराळाचं ताट घेऊन वर आल्या. विमान पाहून ताट खाली ठेवत वाकल्या आणि भांडं तपासतात तसं बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. मग वजनदार पितळी मूर्ती उचलावी तशी दोन्ही हातांनी जोर लावून ते उचललं. डाकोटा एकदम त्यांच्या डोक्यापर्यंत वर गेलं.

"अई! ये तो हरू हे!" त्या ओरडल्या. "टिन के नोहे का?"

"प्लास्टिक आहे, दाई, म्हणून हलकं लागते," मी म्हणाले.

त्यांना पटेना. पुन्हा खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं, नखाने घासायला गेल्या तशी मी पटकन त्यांचा हात धरला. हे इतके हसले की खोकला लागला. मी किती दिवसांनी ते हसणं ऐकत होते. हसत हसतच ते मला म्हणाले, "ऐकलं? पत्रा आहे म्हणते दाई! पत्रा!"

दाई गेल्यावर पाहिलं तर या गडबडीत विमानावरची अँटेनाची तार तुटली होती. हे फरशीवर बसून टॉर्चने शोधू लागले. मी चकलीचं ताट बाजूला सरकवलं आणि त्यांच्या शेजारी बसले. तार सोफ्याखाली सापडली, आणि यांनीच ती चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवली.