बिनवासाची गॅलरी

सुके बोंबील भाजल्याचा वास आला, की अजूनही माझा हात काम करता करता थांबतो.

मुलुंडच्या चाळीत मी नवी सून होते. शेजारच्या शालूवहिनींना कॅन्सर झाला होता. केमो घेऊन आल्या की त्यांना कसलाच वास सोसायचा नाही. लसणीच्या फोडणीनेही भडभडून उलटी व्हायची. म्हणून आमच्या मजल्यावरच्या बायकांनी फोडणीच बंद केली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. उकडलेल्या भाज्या, दहीभात, पेज. एरवी मिठावरून ताट सरकवणारे पुरुषही गुपचूप जेवायचे. संध्याकाळी सगळ्या घरांतून स्टोव्हचा फरफराट यायचा, पण वास म्हणून नाही.

आणि एका संध्याकाळी बोंबलांचा खमंग वास गॅलरीभर पसरला. सासूबाई तणतणत बाहेर आल्या. "कोणाला गं जीभ आवरत नाही एवढी?"

दारादारांतून बायका डोकावल्या. वास शालूवहिनींच्याच घरातून येत होता. त्यांचे यजमान, भाऊ, स्टोव्हपुढे उकिडवे बसून तव्यावर बोंबील परतत होते.

"वहिनींनी मागितले? म्हणजे बरं वाटतंय ना त्यांना!" मी जवळजवळ ओरडलेच.

भाऊंनी मान वर केली नाही. "डॉक्टर म्हणाले, आता जे मागेल ते द्या."

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. मी मात्र अजून हसतच होते.